नसीमाचा बासष्टचा आकडा

माझ्या खोलीत पाऊल टाकलं की बहुतेक लोक आधी मशीन शोधायचे. बुद्धी मोजायची म्हणजे काहीतरी यंत्र असणार, डोक्याला वायरी लावणार, कागदावर रेघा उमटणार, अशी त्यांची कल्पना. शेवगावकडच्या एका आजोबांनी तर नातीच्या डोक्याला त्या दिवशी मुद्दाम तेल लावू दिलं नव्हतं. वायर निसटेल म्हणून. माझ्या टेबलावर त्यांना दिसले रंगीत ठोकळे, चित्रांची पुस्तिका, एक घड्याळ आणि पेन्सिल. त्यांचा चेहरा उतरला. एवढ्यासाठी दोन एसट्या बदलून आलो, असं त्यांच्या मनात आलं असणार. पण खरोखर तेवढंच असतं. त्या तेवढ्यावर मी जवळजवळ तीस वर्षं सरकारी नोकरी केली आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले.

मी जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात मानसशास्त्रज्ञ होते. अभ्यासात मागे पडणारी मुलं, दाखला हवा असलेली माणसं आणि अधूनमधून कोर्टाकडून आलेली प्रकरणं, असं माझं काम. ठोकळे मांडून समोरच्या चित्रासारखी नक्षी करायची. मी म्हटलेले आकडे त्याच क्रमाने म्हणायचे, मग उलटे म्हणायचे. शब्दांचे अर्थ सांगायचे, चित्रातली चूक ओळखायची. खरे प्रश्न बाहेर सांगायचे नसतात, त्यामुळे इथेही सांगत नाही. उत्तरांना गुण द्यायचे, त्या वयाच्या इतर माणसांच्या गुणांशी ते ताडून बघायचे आणि एक आकडा काढायचा. शंभर म्हणजे साधारण सगळ्यांसारखा. सत्तरच्या खाली गेला तर पुढचा विचार सुरू होतो. त्या वेळी आकड्याबरोबर माणसाचा रोजचा व्यवहारही नीट बघायचा असतो. आमच्या पुस्तकात हे पहिल्याच पानांवर लिहिलेलं आहे. शिबिराच्या दिवशी मात्र ती पानं उघडायला कुणाला वेळ नसतो.

लोकांना हा आकडा फार आवडतो. आम्ही सावेडीत राहतो, तिथल्या एका जोडप्याने मुलीची तपासणी करून घेतली होती. आकडा एकशे अठरा आला. उत्तम होता. पण जावेच्या मुलाचा एकशे पंचवीस होता म्हणे, त्यामुळे त्यांनी माझ्याकडे रिचेकिंगचा अर्ज दिला. तशी सोय नसते, असं सांगितल्यावर दोघंही नाराज झाली. नंतर कित्येक महिने मी समोरून दिसले की ते स्कूटर दुसऱ्या गल्लीत वळवायचे. असे किस्से बरेच आहेत. पण दिवाळी अंकासाठी लिही असं सांगितल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा नसीमा आली, आणि मग दुसरं काही सुचेना.

नसीमाचं नाव माझ्यापुढे आलं ते कोर्टाच्या पत्रातून. वय सव्वीस, नवरा टेम्पो चालवायचा, तो अपघातात गेलेला. सहा वर्षांची मुलगी, आफरीन. नवऱ्यामागे नसीमा मुलीला घेऊन श्रीगोंदा तालुक्यात वडिलांकडे येऊन राहिली होती. वडिलांचं गाद्या-रजया भरण्याचं दुकान होतं, ती तिथे शिवणकाम करायची. सासर पुणतांब्याकडचं, शेतकऱ्याचं. सासूसासऱ्यांनी कोर्टात अर्ज केला होता की सून मंदबुद्धी आहे, तिला मूल सांभाळता येणार नाही, नात आमच्या ताब्यात द्यावी. अर्जाला पुरावा म्हणून एक जुना दाखला जोडलेला होता. 'सौम्य मतिमंदत्व, बुद्ध्यंक बासष्ट.' कोर्टाने विचारलं होतं की या बाईची आज पुन्हा तपासणी करून अहवाल द्यावा.

दाखल्याची झेरॉक्स इतकी पुसट होती, की सही म्हणजे एक काळपट डाग होता. पण सहीच्या शेवटी खाली ओढलेली लांब रेघ मला ओळखू आली. तशी रेघ मी एकटीच ओढते.

मी कपाटातली जुनी रजिस्टरं काढली. तेरा वर्षांपूर्वीचं शिबिर सापडलं. एका शाळेच्या मैदानात मांडव, बाहेर लाऊडस्पीकरवर नावं पुकारणं चाललेलं, एका दिवसात चाळिसेक मुलं. त्यात नसीमा, वय तेरा. मला तिचा चेहरा अजिबात आठवेना. पुढे तिच्या वडिलांकडून कळलं, की शाळेतल्या एका गुरुजींनी सवलती मिळतील म्हणून तिला शिबिरात न्यायला सांगितलं होतं. वडिलांनी नेलं. दाखला मिळाल्यावर पोरीचं लग्न कसं होणार या धास्तीने त्यांनी तो कुणाला दाखवलाच नाही, ट्रंकेत तळाशी ठेवून दिला. सवलत एकही घेतली नाही, आणि पोरीची शाळाही थांबवली. लग्नात ती ट्रंक नसीमाबरोबर सासरी गेली आणि मुलगा गेल्यानंतर आवराआवर करताना तो कागद सासूच्या हाती लागला.

मी आमच्या वरिष्ठांना जाऊन सांगितलं की आधीचा दाखला माझा आहे, तपासणी दुसऱ्या कुणी करावी. त्यांनी विचारलं, दुसरं आहे कोण? त्या वेळी आमच्याकडे मी एकटीच होते. शिवाय तारीख जवळ आली होती. ते म्हणाले, तुम्हीच करा, आणि सही वाचता येत नाही म्हणता, तर तो विषय काढायची गरजच काय. खोटं कशाला सांगू, मला त्या क्षणी हायसं वाटलं होतं.

नसीमा वडिलांबरोबर आली. उंच, सावळी, ओढणी कानांवरून घट्ट घेतलेली. विचारलेल्याला तोडकं उत्तर द्यायची आणि आवाज गरजेपेक्षा मोठा. मी तपासणी सुरू केली. शब्दांच्या भागात ती अडखळू लागली. आकडे म्हणायला सांगितले तर चारच्या पुढे चुकू लागली. माझ्या कागदावर पुन्हा तेरा वर्षांपूर्वीसारखेच गुण पडत चालले होते. आता पुन्हा बासष्ट आला तर मी काय करणार होते?

आमच्या खोलीत मदतीला सिंधूताई होत्या. कागद आणून देणं, रांग लावणं, मुलं रडली तर समजावणं ही त्यांची कामं. चौथीपर्यंत शिकलेल्या. मी पेन्सिल खाली वाकून उचलत असताना पुढचे आकडे म्हटले आणि नसीमा नुसती बसून राहिली. सिंधूताई माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मॅडम, ही तुमच्या तोंडाकडं बघती. डोळ्याकडं एकदाबी बघितलं न्हाई. तोंड दिसलं न्हाई तर तिला कळत न्हाई."

मी तपासणी थांबवली. वडिलांना आत बोलावलं. लहानपणी हिचे कान वाहायचे का, असं विचारलं. ते म्हणाले, "लई वाहायचे. गावात सगळ्याच पोरांचे वाहायचे." मी तिला स्वतः कान-नाक-घशाच्या विभागात घेऊन गेले. दोन्ही कानांनी तिला निम्म्याहून कमी ऐकू येत होतं. लहानपणापासून. शाळेत मागच्या बाकावर बसून ती सहा-सात वर्षं न ऐकताच उठून आली होती, आणि त्या मांडवात, लाऊडस्पीकरच्या आवाजात, खाली मान घालून लिहीत लिहीत मी तिला प्रश्न विचारले होते. तिने उत्तर दिलं नाही, मी शून्य लिहिलं. ऐकू येतं का, हे मी विचारलंच नव्हतं.

घरी आल्यावर माझं जेवणात लक्ष लागलं नाही. रजिस्टरमध्ये अशा किती ओळी असतील, हे मी मोजायला गेले नाही. मोजून उपयोग नव्हता, आणि धीरही नव्हता.

कोर्टाकडून मुदत वाढवून घेतली. नसीमाला कानाचं यंत्र मिळालं. त्याची सवय व्हायला काही आठवडे गेले. सुरुवातीला तिला शिवणाच्या मशीनचा आवाजच सोसेना, एवढा आवाज करतं हे तिला माहीत नव्हतं. मग मी पुन्हा तपासणी केली, जुन्यापेक्षा वेगळी चाचणी घेऊन, दोन दिवस, सावकाश. आकडा आला अठ्ठ्याहत्तर.

इथे वाचकांना वाटेल की एकशे दहा यायला हवा होता. मलाही तसंच वाटत होतं. पण शब्दांचे प्रश्न शाळेतल्या माणसांनी शाळेतल्या माणसांसाठी केलेले असतात, आणि ती शाळा तिच्या कानावर कधी पडलीच नव्हती. त्या भागात तिला फार कमी गुण मिळाले. ठोकळ्यांच्या भागात मात्र ती वेगात होती. सगळ्यात अवघड नक्षी तिने बघता बघता जुळवली. दोन्ही मिळून अठ्ठ्याहत्तर. म्हणजे ज्या दोन गोष्टी तिच्याबद्दल खऱ्या होत्या, त्या एकत्र करून आम्ही तिच्याबद्दल खरी नसलेली तिसरी गोष्ट तयार केली होती. मी या आकड्यांवर इतकी वर्षं काम केलं होतं, पण हे इतकं स्वच्छ मला कधी दिसलं नव्हतं.

मग मी पुस्तकातल्या त्या पहिल्या पानांप्रमाणे वागले. श्रीगोंद्याला जाऊन एक आख्खा दिवस तिच्या दुकानात बसले. कापूस हातात घेऊन गादीत किती भरावा लागेल हे ती सांगत होती. तुकड्यांची रजई करताना कापड कुठे कापायचं हे आधी मनात मांडून मगच कात्री लावत होती. आफरीनच्या वह्यांवर कव्हरं होती, नखं कापलेली होती, लसीकरणाचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेलं होतं. कार्डावरचं नसीमाला वाचता येत नव्हतं. कुठली सुई झाली हे कळावं म्हणून तिने प्रत्येक रकान्यापुढे वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा टाका घातला होता. मी हे सगळं अहवालात लिहिलं. आकडाही लिहिला. आणि शेवटच्या परिच्छेदात लिहिलं की तेरा वर्षांपूर्वीचा दाखला मीच दिला होता, त्या वेळी ऐकण्याची तपासणी केलेली नव्हती, तो दाखला ग्राह्य धरू नये. वरिष्ठांनी ते वाचलं आणि चष्मा काढला. पण अहवाल त्यांनी जसाच्या तसा पुढे पाठवला, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

साक्षीला मला बोलावलं. सासरकडचे वकील तरुण होते, सभ्य होते आणि तयारीने आले होते. त्यांनी आधी विचारलं की अठ्ठ्याहत्तर हा सरासरीपेक्षा कमीच ना. मी म्हटलं, हो. मग त्यांनी विचारलं, "तेव्हा तुम्ही चुकलात असं तुम्हीच लिहिता. मग आज चुकत नाही कशावरून?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "आजही चुकू शकते. म्हणून या वेळी मी आकडा एकटा पाठवलेला नाही. त्याच्यासोबत तिचा दिवस लिहून पाठवलाय. निर्णय त्या दिवसावरून घ्यावा."

वकिलांनी तो धागा सोडला आणि दुसरा धरला, आणि तो खरा धोक्याचा होता. तुमचंच म्हणणं आहे की हिला ऐकू येत नाही, ते म्हणाले. यंत्र आत्ता मिळालं. मग मूल तान्हं असताना रात्री रडलं, आजारी पडलं, तर या बाईला कळणार कसं? माझ्याच अहवालाने मी तिच्याविरुद्ध एक कारण पुरवलं होतं.

न्यायाधीशबाईंनी पुढचं बोलणं आपल्या खोलीत ठेवलं. नसीमा, तिची सासू हमीदाबी, दोन्ही वकील आणि मी. बाईंनी तोच प्रश्न नसीमाला समोर बसवून, सावकाश, ओठ दिसतील असा विचारला. नसीमा म्हणाली, "दोरी बांधायची मी. तिच्या पायाला मऊ कापड गुंडाळायचं, त्याला ओढणीची कड बांधायची, दुसरं टोक माज्या मनगटाला. ती हालली की मला जाग यायची. रडायच्या आधीच यायची. गळ्याकडं जाऊ नये म्हनून आखूड ठेवायची."

बाईंनी हमीदाबीकडे पाहिलं आणि विचारलं की हे खरं आहे का. हमीदाबी थकलेली म्हातारी होती. तिचा तरणा मुलगा गेला होता आणि त्याची म्हणून उरलेली एकच खूण तिला घरात हवी होती. ती खोटं बोलू शकली असती. घरातली गोष्ट, दुसरा साक्षीदार कुणी नाही. तिने पदर तोंडाला लावला.

"व्हय," ती म्हणाली. "बांधायची. मी रोज बघायचे. मला वाटायचं, येडी हाय, लेकराला जनावरावानी बांधून ठेवती. मी शेजारनीला पन तसंच सांगितलं. मला कुनी सांगितलंच न्हाई, की हिला ऐकू येत न्हाई म्हनून."

नसीमाने तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ती रागावेल. ती म्हणाली, "मला तरी कुठं म्हाईत हुतं, अम्मी. मला वाटायचं, सगळ्यांना एवढंच ऐकू येतं."

निकाल काही दिवसांनी लागला. आफरीन आईकडे राहिली. सुट्ट्यांमध्ये तिने आजीआजोबांकडे जायचं असं ठरलं, आणि पहिल्या सुट्टीत तिला सोडायला नसीमा स्वतः पुणतांब्याला गेली, हे मला नंतर कळलं. हमीदाबीने तिला चार दिवस ठेवून घेतलं होतं.

निकालाच्या दिवशी मी कोर्टाच्या आवारात नसीमाला गाठलं. मला माफी मागायची होती. मी समोर उभी राहिले, तिला माझं तोंड दिसेल अशी, आणि म्हटलं की तेरा वर्षांपूर्वी मी तुला नीट तपासलं नाही, त्यामुळे तुझी शाळा गेली आणि आज तुझी मुलगी जायची वेळ आली होती. तिने ऐकून घेतलं. तिने मला लगेच माफ केलं असं मी म्हणणार नाही. ती एवढंच म्हणाली की तुमी कोर्टात नाव सांगितलंत, नसतं सांगितलं तर आमाला कळलं नसतं. आणि मग तिने मला असा प्रश्न विचारला, जो इतक्या वर्षांत कुणीच स्वतःसाठी विचारला नव्हता.

"मॅडम, मला वाचायला शिकायचं हाय. जमंल का मला?"

लोक मला हा प्रश्न नेहमी दुसऱ्याबद्दल विचारायचे. याला जमेल का, हिला जमेल का. आणि मी आकड्याकडे बघून उत्तर द्यायची. त्या दिवशी तिचे दोन्ही आकडे माझ्या पर्समध्ये होते आणि मला त्यातून काही सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, "मला माहीत नाही. पण आफरीन पहिलीत आहे. तिच्याबरोबर बसून बघ."

त्यानंतर मी माझ्या खोलीची रीत बदलली. ऐकण्याची आणि नजरेची तपासणी झाल्याशिवाय एकालाही ठोकळे दिले नाहीत. शिबिरात दिवसाला दहाच्या वर मुलं घ्यायला नकार दिला. त्यावरून बरीच बोलणी खाल्ली. नवीन आलेल्या मुलींना शिकवताना मी म्हणायची, चाचणी टाकाऊ नाही. तिच्यामुळे मला नसीमाचा ठोकळ्यांवरचा हात दिसला, आणि तिच्यामुळे कितीतरी मुलांना वेळेवर मदत मिळाली. पण माणूस आज, या खोलीत, तुमच्या प्रश्नांना काय उत्तर देतो एवढंच ती सांगते. बुद्धी त्याच्याहून मोठी असते. आणि सिंधूताईंसारखं कुणीतरी खोलीत असू द्या.

या नोकरीने मला पुष्कळ दिलं. बहुतेक सगळं अशा लोकांनी दिलं, ज्यांना मी तपासत होते. एका म्हातारीने स्वतःच्या विरुद्ध खरी साक्ष दिलेली मी पाहिली. माझी चूक मला सुधारता यावी म्हणून एक बाई तेरा वर्षांनी माझ्या समोर येऊन बसली, हे तर नशीबच म्हणायचं. प्रत्येकाला ते मिळत नाही. ज्यांच्या ओळी मी मोजल्या नाहीत, त्यांच्यापैकी कुणी पुन्हा आलं नाही.

नसीमा अधूनमधून श्रीगोंद्याहून मोबाईलवर मेसेज पाठवते. सुरुवातीला नुसती फुलांची चित्रं यायची. मग एक अक्षर, मग नाव. गेल्या जूनमध्ये, मी निवृत्त झाल्यानंतर, पहिल्यांदा पुरती ओळ आली. काना-वेलांटी हलली होती, पण वाचता येत होती. मी ती जपून ठेवली आहे.

"म्याडम आफरिन चौथीत गेली. मी पन."